राजधानीतील फुटबॉल आणि त्याची मूठभर मंडळी

'सॉकर' हा शब्द कानी पडला की आपल्याला प्रथम अमेरिका आठवते. त्या देशात 'फुटबॉल' म्हणजे शिरस्त्राणे घालून, लंबगोल चेंडू बहुतांशी हातात धरून खेळावयाचा खेळ. साऱ्या जगाचा जो फुटबॉल, त्याला मात्र तेथे 'सॉकर' या निराळ्या नावाने वावरावे लागते. वस्तुतः हा शब्द अमेरिकेत जन्मलेला नाही. 'असोसिएशन फुटबॉल' या भारदस्त नावातील 'असोसिएशन'ची इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी लाडकी मोडतोड केली, तिच्यातून तो आला. इंग्लंडने तो पुढे टाकून दिला, अमेरिकेने जपला. आणि आणखी एका गावाने तो जपला, ते म्हणजे आपली दिल्ली. १९२६ साली येथे या खेळाची जी प्रातिनिधिक संस्था स्थापन झाली तिचे नाव 'दिल्ली सॉकर असोसिएशन' असे होते, आणि 'फुटबॉल दिल्ली' हे नवे नाव तिने धारण केले ते अगदी अलीकडे.

नावातील हे साम्य योगायोगाचे म्हणून सोडून देता येईल. परंतु न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा भाचा जेव्हा लिहितो, की "मामा, सोमवारी कचेरीत सगळे ज्या खेळाविषयी बोलतात तो मला बघवत नाही, आणि मी जो रात्र जागून बघतो त्याविषयी बोलायला माणूस मिळत नाही," तेव्हा दिल्लीतील माझी गेली तीस वर्षे तो आपल्या अक्षरात उतरवून काढीत आहे असे मला वाटते. आपल्या मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात नाटक, गणेशोत्सव, शाळा, वाचनालय या विषयांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. मी मात्र या राजधानीतील फुटबॉलचा आणि त्याच्या मोजक्या शौकिनांचा इतिहास मांडणार आहे. मंडळाच्या अंकात त्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. परमुलखात अल्पसंख्येने राहून आपली आवड टिकवून धरणे हा विषय आपल्यापैकी कोणालाच परका नाही, एवढेच उत्तर तूर्त पुरे.

प्रथम स्वतःविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मी कोल्हापूरचा. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटचे राज्य असले तरी कोल्हापुरात फुटबॉलला जो मान आहे तो बाहेरच्या माणसास सहसा खरा वाटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीस मल्लविद्येचे पीठ केले, खासबागेचे मैदान बांधले, पेठापेठांतील तालमींना आश्रय दिला. पुढे याच तालमींनी फुटबॉल जवळ केला. म्हणून कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला 'क्लब' क्वचितच म्हणतात. संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी. लाल मातीत घुमणारे पोर संध्याकाळी चेंडूमागे धावू लागले, आणि पेठेची जी ईर्षा पूर्वी कुस्तीच्या फडात दिसे ती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दिसू लागली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली आणि या ईर्षेला नियमबद्ध स्पर्धांचे वळण मिळाले. विश्वचषकाच्या दिवसांत एखादी पेठ ब्राझीलची तर शेजारची अर्जेंटिनाची होते, चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे भव्य फलक उभे राहतात. अशा गावातून १९९४ साली नोकरीनिमित्त मी दिल्लीत आलो तेव्हा, जो खेळ जेवणाइतका सहज आहे अशी माझी समजूत होती, तो येथे शोधून काढावा लागतो, हे मला आठवड्याभरात कळून चुकले.

शोधल्यावर जे सापडले ते मात्र थक्क करणारे होते. क्रिकेटच्या या देशातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा दिल्लीतच भरत होती, आणि ते येथील मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

ती स्पर्धा म्हणजे ड्युरँड चषक. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी १८८८ साली शिमल्यास ती सुरू केली. अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरील १८९३ची ड्युरँड रेषा आखणारे हेच ते गृहस्थ. पुढे १९०३ ते १९०६ या काळात ते वॉशिंग्टन येथे ब्रिटिश राजदूत होते, म्हणजे ज्या देशात त्यांच्या आवडत्या खेळाला कोणी विचारीत नव्हते त्या देशात त्यांना तीन वर्षे काढावी लागली! आरंभी ही स्पर्धा गोऱ्या पलटणींपुरती होती. सरकार उन्हाळ्यात शिमल्यास जाई, तेथे ॲनाडेलच्या मैदानावर पलटणी खेळत आणि अधिकारी सहकुटुंब पाहात. सरकारी नोकराप्रमाणे या स्पर्धेचीही अखेर बदली झाली आणि १९४० साली ती दिल्लीस रुजू झाली.

त्या पहिल्याच वर्षी जे घडले ते भारतीय क्रीडेतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. इंडिया गेटजवळच्या आयर्विन ॲम्फिथिएटरमध्ये, म्हणजेच पुढील काळातील नॅशनल स्टेडियममध्ये, कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंग संघाने रॉयल वॉरविकशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलने पराभव केला. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय नागरी संघ. १९११ साली मोहन बागानने कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीला नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली होती, १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक नेला होता. आता ड्युरँडचा गड सर झाला. १९११ सालच्या त्या विजयाची पुष्कळ गाणी झाली, दिल्लीतील १९४०च्या विजयाची मात्र दिल्लीलाच आठवण नाही. याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ज्या शहराला मुघलांच्या प्रत्येक बुरुजाचा अभिमान आहे त्याला आपल्या मैदानावरील हा पराक्रम ठाऊक नसावा!

महायुद्ध आणि फाळणी यांमुळे स्पर्धेत दीर्घ खंड पडला आणि १९५० साली ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी हैदराबाद सिटी पोलीस संघाने चषक जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा हा संघ. पुढे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकावर नेणारे रहीमसाहेब तेच. त्या ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या मुंबईचा खेळाडू होता, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. मुंबईकरांना त्याचे नाव विचारून पाहावे. दहांत एकालाही सांगता आले तर मी आनंदाने हार मानीन.

१९५० हे वर्ष दुसऱ्याही एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला असूनही आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळण्याची मुभा नाकारल्यामुळे आपण गेलो नाही ही कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. परंतु ती सबब होती असे त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले. तेव्हाच्या धुरीणांना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटत नव्हते, हेच खरे कारण दिसते. त्याच स्पर्धेत जून महिन्याच्या २९ तारखेस बेलो होरिझोंते या गावी अमेरिकेच्या संघाने बलाढ्य इंग्लंडला एक विरुद्ध शून्य असे हरविले. गोल करणारा जो गेटजेन्स हा मूळचा हैतीचा. न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता एका उपाहारगृहात भांडी घासून पोट भरणारा तरुण. त्या दिवशीचा कर्णधार स्कॉटलंडचा, एक बचावपटू बेल्जियमचा, गोलरक्षक सेंट लुई शहरातील इटालियन वस्तीचा. अमेरिकेतून हा सामना पाहण्यास एकच वार्ताहर गेला होता, आणि तोही रजा काढून स्वतःच्या खर्चाने. आपण गेलोच नाही, आणि ते जिंकूनही त्यांच्या देशाला पत्ता नाही. दोन्ही देशांच्या फुटबॉलचे भाग्य एकाच वर्षी असे एका पानावर लिहिले गेले.

दिल्लीला मात्र पुढच्याच वर्षी सुदैवाने हात दिला. मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा नॅशनल स्टेडियममध्ये भरल्या. साहू मेवालालच्या गोलामुळे भारताने अंतिम सामन्यात इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले. स्वतंत्र भारताने फुटबॉलमध्ये जिंकलेले हे पहिले मोठे यश आपल्या या राजधानीतले. कर्तव्यपथावरून आज आपण मुलाबाळांना घेऊन इंडिया गेट पाहावयास जातो तेव्हा त्यामागील ते स्टेडियम आपल्या दृष्टीसही पडत नाही. त्याला आता मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे आणि तेथे हॉकी खेळली जाते. तेही योग्यच आहे.

ड्युरँडच्या जोडीला दिल्लीत आणखी एक मातब्बर स्पर्धा होती. दिल्ली क्लॉथ मिल्सने १९४५ साली सुरू केलेली डी. सी. एम. स्पर्धा. तिचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात परदेशी संघ येत. तेहरानच्या ताज क्लबने १९६९, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ तीन वर्षे ही स्पर्धा जिंकली. ज्या काळात परदेशी सामना दूरचित्रवाणीवर दिसण्याचा संभव नव्हता त्या काळात सामान्य कारकुनाला आठआण्या-रुपयाच्या तिकिटात इराणचे उत्तम खेळाडू डोळ्यांनी पाहता येत. शिवाय १९६० पासून वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने शालेय मुलांची सुब्रतो चषक स्पर्धा भरू लागली. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी शाळकरी पोरे, मग लष्कराच्या पलटणी, कलकत्त्याचे दिग्गज, पंजाबचे पोलीस आणि परदेशी पाहुणे असा जणू फुटबॉलचा उरूसच दिल्लीत भरे.

हा उरूस जेथे भरे ते आंबेडकर स्टेडियम दिल्ली गेटच्या बाहेर आहे, आणि त्याच्या अगदी शेजारी फिरोजशहा कोटल्याचे क्रिकेट मैदान. शहर रचणाऱ्यांनी गंमत केली असावी! कोटल्यावर ऑक्टोबर १९८३ मध्ये सुनील गावस्करांनी एकोणतिसावे शतक झळकावून ब्रॅडमनशी बरोबरी केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी बाद केले. त्या दोन दिवसांच्या आठवणी आपल्या मंडळातील जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात आणि मीही त्या भक्तिभावाने ऐकतो. क्रिकेटशी माझे वैर नाही. क्रिकेटने फुटबॉल मारला असे म्हणणारे फुटबॉलशौकीन पुष्कळ भेटतात; ती तक्रार मला आळशी वाटते. शेजारच्या घरी पंगत बसली म्हणून आपली चूल विझत नाही. ती विझली असेल तर सरपण संपले असेल. त्या सरपणाकडे मी पुढे येतो.

त्याआधी आंबेडकर स्टेडियमच्या गॅलरीविषयी. कारण माझ्या मते दिल्लीच्या फुटबॉलचा खरा इतिहास चषकांच्या यादीत सापडणारा नाही. तो या गॅलरीत बसलेला होता.

दिल्लीच्या स्थानिक क्लबांची नावे पाहा. सिटी क्लब, यंगमेन, मुघल्स हे तटबंदीच्या आतील जुन्या शहराचे. शिमला यंग्स या नावात सरकार दरवर्षी डोंगर चढे-उतरे त्या काळाची खूण राहिली आहे. गढवाल हिरोज हा क्लब १९५३ साली स्थापन झाला. घरकामाला, शिपाईगिरीला, पलटणीत म्हणून गढवालच्या डोंगरांतून खाली आलेल्या माणसांनी तो उभा केला. सरकारी वसाहतींतील बंगाली बाबूंना तर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दिल्लीत उतरले की दुर्गापूजा दुसऱ्यांदा आल्यासारखे होई. १९९७ साली एफ. सी. कोचीन या संघाने केरळला पहिल्यांदा ड्युरँड मिळवून दिला तेव्हा रुग्णालयांतील परिचारिका, टंकलेखक, लेखापाल अशी सारी मल्याळी दिल्ली चार दिवस हवेत चालत होती. पंजाबच्या जे. सी. टी.चा सामना असला की शीख मंडळी गॅलरी दणाणून सोडीत. अलीकडे मणिपूर, मिझोराम, मेघालयातून शिकायला आलेली मुले-मुली दिसू लागली. ज्यांना बाजारात, भाड्याच्या घरात ऐकवू नये ते ऐकविले जाते अशी ही लेकरे या गॅलरीत मात्र यजमानासारखी बसतात. कारण मैदानावर खेळणाऱ्यांपैकी निम्मे त्यांचेच असतात.

म्हणजे दिल्लीचा फुटबॉल हा दिल्लीत बाहेरून आलेल्यांचा खेळ होता. प्रत्येक जण आपल्या गावाचा संघ पाहावयास येई आणि नकळत दुसऱ्याच्या गावाचा संघ पाहून घरी जाई. मी स्वतः बंगाली, मल्याळी आणि गढवाली मंडळींशी जो काही जोडला गेलो तो या पायऱ्यांवर. एका बंगाली सहकाऱ्याने, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मला पहिल्या सामन्यास नेले आणि आपल्या डब्यातील लुची पुढे करीत विचारले, "तुमच्या लोकांचा संघ कोणता?" मी कोल्हापूरच्या तालमींची नावे सांगितली. त्यांनी ती ऐकली नव्हती, पण तालमीच्या नावाने फुटबॉल खेळतात या गोष्टीचा त्यांना इतका आनंद झाला की पुढे निवृत्त होईपर्यंत ते मला 'पहिलवान' म्हणत.

मराठी माणसाचा संघ दिल्लीत येत नव्हता असे मात्र नाही. मुंबईचा महिंद्र संघ १९९८, २००१ आणि २००८ अशी तीन वेळा ड्युरँडचा विजेता ठरला. पहिल्या वेळी लष्करी बँडच्या गजरात चषक दिला जात असताना गॅलरीत 'मुंबई, मुंबई' असे ओरडणारे आम्ही चौघे-पाच जण असू. त्यांतील दोघे मंगळुरी होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत ही वार्ता सांगितल्यावर एक मराठी सहकारी म्हणाले, "अहो, महिंद्र जीप बनवते ना?" गढवालींनी क्लब काढला, आपण का काढला नाही, या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपले दिल्लीतील पूर्वसूरी बहुधा सचिवालये, शिक्षणसंस्था, वृत्तपत्रे यांच्या आश्रयाने आले. त्यांनी आल्याबरोबर शाळा काढली, नाटक बसविले, गणपती बसविला. मैदानावरील खेळाची हौस क्रिकेट आणि खो-खोत भागली. संख्या हेच कारण म्हणावे तर तेही पटत नाही, कारण संघाला अकरा माणसे लागतात आणि नाटकाला कधी कधी त्याहून अधिक.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही. भाचा राहतो त्याच्या जवळ कर्नी नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील क्लार्क कंपनीने तेथे दोऱ्याची गिरणी काढली आणि पेझलीहून कामगार आणले. त्यांनी बरोबर चेंडू आणला. नंतर इटालियन आले, पोर्तुगीज आले, दक्षिण अमेरिकी आले. १९९०च्या विश्वचषकात अमेरिका चाळीस वर्षांनी पुन्हा उतरली तेव्हा जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मिओला हे तिघेही या एका लहानशा गावात वाढलेले होते. एकाचा बाप स्कॉटिश, दुसरा उरुग्वेत जन्मलेला, तिसऱ्याचे घर इटालियन. मॅसाच्युसेट्सच्या फॉल रिव्हर येथेही तेच. कापडगिरण्यांचे गाव, स्थलांतरित कामगार, आणि १९२०च्या दशकात देशातील अव्वल फुटबॉल. मग मंदी आली, गिरण्या बसल्या आणि फुटबॉलही बसला. पुढे १९७५ साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने पेलेला आणले. तो संघ १९७७ साली कलकत्त्यात मोहन बागानशी दोन-दोन अशी बरोबरी खेळून गेला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. परंतु पैशाच्या बळावर उभी राहिलेली त्यांची ती लीग १९८४ नंतर उरली नाही. १९९४ साली विश्वचषक त्यांच्या घरी भरला आणि मग नव्याने पायाभरणी झाली. २०२६ची स्पर्धा कॅनडा व मेक्सिको यांच्याबरोबर पुन्हा अमेरिकेला देण्यात आली. शंभर वर्षे परक्यांचा म्हणून हिणवलेला खेळ परक्यांनीच तेथे जगविला.

आता सरपणाची गोष्ट. कर्नी, फॉल रिव्हर, आणि इकडे डी. सी. एम. व जे. सी. टी.! जे. सी. टी. म्हणजे जगतजित कॉटन टेक्स्टाइल, फगवाड्याची कापडगिरणी. सूत आणि चेंडू यांची ही सोयरीक दोन्ही खंडांत आढळते. गिरणीमालक खेळाडूला नोकरी देई, कामगार तिकीट काढी किंवा फुकट पाही, पण पाही. आमच्याकडे दुसरा आश्रय सरकारी: पोलीस, सीमा सुरक्षा दल, रेल्वे, लष्कर. सीमा सुरक्षा दलाने १९७० च्या दशकात ड्युरँड पुन्हा पुन्हा जिंकला तो या आश्रयावर. चेंडू मारता येणाऱ्या गरिबाच्या मुलाला त्यामुळे निवृत्तिवेतनाची नोकरी मिळे. गिरण्यांचे दिवस सरले, डी. सी. एम. स्पर्धा १९९० च्या दशकात बंद पडली. महिंद्र संघ २०१० साली विसर्जित झाला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जे. सी. टी. २०११ साली. व्यावसायिक लीगच्या युगात कंपनीचा क्रीडाविभाग ही चैन ठरली. लीग वाईट असे मी म्हणणार नाही. परंतु जुना आश्रय सुटला आणि नवा दिल्लीत रुजण्यापूर्वीच सुटला, हे सत्य आहे.

इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून दिल्ली डायनामोज हा संघ होता. त्याच्याकडून डेल पिएरो खेळला, रॉबेर्तो कार्लोस खेळला आणि शिकविताही झाला. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ही नावे कागदावर वाचून गेलो तरी ती माणसे समोर पाहताना विश्वास बसत नसे. खुर्च्या मात्र पुष्कळ रिकाम्या. २०१९ साली तो संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफ. सी. झाला. त्याच वर्षी ड्युरँडचीही पुन्हा बदली झाली. गोव्याचा एक हंगाम वगळता दिल्लीत रमलेली ती स्पर्धा बंगालला गेली. एकाच वर्षी शहराने आपली सर्वांत जुनी स्पर्धा आणि आपला एकुलता एक मोठा संघ, दोन्ही गमावले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मोर्चा निघाला नाही, पत्रे छापून आली नाहीत. त्याच वर्षी शेजारच्या कोटल्याचे नाव बदलले, त्यावर मात्र महिनाभर चर्चा झाली. मला त्या वेळी जे वाटले ते लिहून ठेवतो: चाळीतील शेवटचे मराठी कुटुंब सामान टेम्पोत भरून जात असावे आणि चौकीदाराने मान वर करूनही पाहू नये, तसे.

हे सर्व निराशेचे वाटू नये म्हणून नव्हे, तर तेही घडले आहे म्हणून ६ ऑक्टोबर २०१७ची रात्र सांगतो. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला आणि आपल्या मुलांचा पहिला सामना नेहरू स्टेडियममध्ये होता. प्रतिपक्ष होता अमेरिका! मूठभर शौकिनांचे दोन देश समोरासमोर. स्टेडियम भरले होते. शाळांतून आणलेली मुले हजारोंनी होती. आपण तीन विरुद्ध शून्य असे हरलो आणि अमेरिकेची मुले सरस होती. तथापि निळ्या पोशाखात पुढच्या फळीत धावणारा अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. आमच्या तालमींच्या मातीतील पोर विश्वचषकात, माझ्या डोळ्यांसमोर, दिल्लीत! शेजारी बसलेल्या एका मिझो विद्यार्थ्याला मी हे तीनदा सांगितले. त्याने तीनही वेळा शांतपणे ऐकून घेतले. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोके लावून गोल केला. कोणत्याही विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. कोलंबियाने मिनिटभरातच उत्तर दिले आणि सामना जिंकला. पण त्या एका मिनिटात स्टेडियमचे जे झाले ते शब्दांत धरणे मला शक्य नाही.

पुढील वर्षी जून २०१८ मध्ये मुंबईत भारत खेळला तेव्हा पहिल्या सामन्यास जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. सुनील छेत्रीने हात जोडून लोकांना विनविले: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. दोन दिवसांनी त्याच्या शंभराव्या सामन्याला तिकीट मिळेनासे झाले. हा छेत्री मोठ्या क्लबात जाण्यापूर्वी आपल्या दिल्लीच्या सिटी क्लबकडून खेळलेला, आंबेडकर स्टेडियमच्या धुळीत वाढलेला. देशाच्या कर्णधाराने लोकांपुढे पदर पसरावा याची काहींना लाज वाटली. मला वाटली नाही. थोड्यांच्या आवडीला निमंत्रण दारोदार द्यावे लागते. आपल्या गणेशोत्सवाची वर्गणी मागत सरोजिनीनगर ते नोएडा हिंडलेल्या कोणालाही हे समजेल.

आज आपल्या मंडळातील मुले बार्सिलोनाचे, मँचेस्टरचे सदरे घालून कोजागिरीला येतात. दूरचित्रवाणीवर पहाटेपर्यंत सामने पाहतात आणि युरोपातील राखीव खेळाडूंची नावे त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या ज्ञानापुढे मी गप्प बसतो. दिल्लीत लीग चालते, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. मध्यंतरी एका चिरंजीवाने मला विचारले, "काका, आंबेडकर स्टेडियम म्हणजे बस अड्डा का?" एका परीने त्याचे बरोबर होते, तेथे बसगाड्याही उभ्या असतात.

तर माहितीसाठी: २०१७ पासून दिल्ली गेट हे मेट्रोचे स्थानक आहे. तेथे उतरून चालत पाच-दहा मिनिटांवर स्टेडियमचा दरवाजा. स्थानिक सामना असला तर गर्दीची चिंता करू नये, जागा भरपूर मिळते. दुपारी ऊन पाठीवर घ्यावयाचे असेल तर उन्हाच्या बाजूच्या पायऱ्या बऱ्या. शेंगदाणेवाला मध्यंतरात येतो. गढवालचा सामना असेल त्या दिवशी जावे. त्यांचे म्हातारे लवकर येऊन बसतात, आणि नवख्या माणसाला कोण कुठून आला हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत.